वाटाड्याचे नाव

माझ्या पहिल्या कादंबरीत एक म्हातारा गोंड आहे. नायक नागझिऱ्याच्या रानात वाट चुकतो, तेव्हा हा म्हातारा त्याला रात्रभर चालवून पहाटे सडकेवर आणून सोडतो आणि पुढे दोन प्रकरणांनी वाघाच्या तोंडी जातो. पुस्तक निघाले तेव्हा हे प्रकरण लोकांना फार आवडले होते. खरे सांगायचे तर मलाही आवडले होते. चार वर्षांमागे ऐन रोवण्याच्या दिवसांत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. गोंडांची मुलगी, आता स्वतःच शाळेत शिकवते. पुस्तक परत देताना म्हणाली, “गुरुजी, सगळ्याईले नावं आहेत. सायकलची कंपनी पण लिहिली तुम्ही. मंग या बुढ्याले नाव नाही का जी?”

मी हसून वेळ मारून नेली. चहा झाला, ती गेली. प्रश्न मात्र गेला नाही. तेव्हापासून मला एक खोड जडली आहे. रानावरचे, नव्याने काबीज केलेल्या मुलखावरचे कोणतेही पुस्तक हाती आले, की मी आधी पाहतो : यातल्या वाटाड्याला नाव आहे काय?

आमच्या झाडीपट्टीवर इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे. मध्य प्रांत 1861 साली झाला आणि त्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत हिस्लॉप, फॉर्सिथ आणि स्टर्नडेल यांची पुस्तके आली. त्याआधी हा मुलूख म्हणजे कोरा कागद होता, असा वाचणाऱ्याचा समज व्हावा अशा थाटात ती लिहिलेली आहेत. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींच्या शिष्यांत निळभट्ट भांडारेकर होते, म्हणजे आमचे भंडाऱ्याचे, हे त्या साहेबांना कोण सांगणार? असो. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ 1862 साली पचमढीच्या पठारावर चढला आणि त्याने तिथे एक बंगला बांधला. त्याचे ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक 1871 साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी तो वारलाही. माझे इंग्रजी शाळेपुरते. शब्दकोश मांडीवर घेऊन मी हे पुस्तक दोन उन्हाळ्यांत संपवले आणि कबूल करतो, की ते सोडवत नव्हते. साल कुठे संपतो आणि साग कुठे सुरू होतो, रानगवा कसा चढतो, हे त्याने पायी हिंडून पाहिले आहे. परंतु त्याची नजर मोजणीदाराची आहे. झाड दिसले की त्याचे लाकूड किती, माणूस दिसला की त्याचा उपयोग काय. डोंगरउतारावर झाडे जाळून त्या राखेत कोदो-कुटकी पेरणारा गोंड त्याला इमारती लाकडाचा नासाड्या वाटतो. त्या लाकडावर गोंडाचा काही हक्क असेल, ही शंका त्याला फारशी छळत नाही.

याच पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण लिंगोच्या गाथेचे आहे. लिंगो म्हणजे गोंडांचा आद्य गुरू. डोंगराच्या गुहेत कोंडलेल्या गोंडांना त्याने सोडवले, अशी ती कथा. फॉर्सिथने तिला लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या चालीवर इंग्रजी पद्याचा पोशाख चढवला. मूळ गाथा त्याची नव्हे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती एका परधानाच्या तोंडून उतरून घेतली होती. परधान हे गोंडांचे भाट. किंगरी वाजवून वंशावळी आणि देवांच्या कथा सांगणारे. हिस्लॉप 1863 साली पाण्यात बुडून वारले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापले. मुखपृष्ठावर नावे दोन : हिस्लॉप आणि टेंपल. ज्याला ती अख्खी गाथा पाठ होती, त्याचे नाव तिथे नाही. आमच्याकडे सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. लिंगोने सोडवले ते इथूनच, असे गोंड बांधव मानतात. माघ पौर्णिमेला तिथे लोटणारी गर्दी मी पाहिली आहे. त्या गर्दीत हिस्लॉप किंवा टेंपल कोणाला ठाऊक नाहीत. एवढ्यापुरता हिशेब फिटतो म्हणायचा.

स्टर्नडेलचे ‘सिवनी’ 1877 सालचे. तंबू, शिकार, शेकोटीभोवतीच्या गप्पा. एका बैठकीत संपणारे आणि दुसऱ्या दिवशी विसरणारे. पण त्या पुस्तकाच्या आधारावर, असे जाणकार मानतात, एक न विसरणारे पुस्तक उभे राहिले. रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला, पण सिवनीचे रान त्याने कधी डोळ्यांनी पाहिले नाही. मोगलीच्या गोष्टी त्याने लिहिल्या त्या अमेरिकेतल्या बर्फाळ मुलखात बसून. तरीही त्यातली नदी वैनगंगा आहे. सिवनीकडून येऊन आमच्या भंडाऱ्यावरून वाहणारी तीच! लहानपणी मला याचा केवढा अभिमान वाटे. आता पुन्हा वाचताना दुसरेच काही टोचले. या रानात अस्वलाला नाव आहे, बिबट्याला आहे, अजगराला आहे. वाघाच्या मागे हिंडणाऱ्या कोल्ह्यालाही आहे. ‘दुसऱ्या जंगल बुका’त रान गावावर चालून येते, तेव्हा घाबरलेले गावकरी एका गोंडाला बोलावतात. या भूमीचे मूळ मालक ते हेच, असे किपलिंग स्वतःच्या शब्दांत सांगून टाकतो. गोंड येतो, एका पायावर उभा राहतो, शब्द न बोलता रानकारल्याचा वेल उचलतो आणि देवळाच्या दारावर आडवातिडवा गुंफतो : आता इथे रान येणार, तुम्ही निघा. मोगलीच्या गोष्टींतला हा मला सर्वांत थोर प्रसंग वाटतो. एवढ्या मोठ्या लेखकाने रानाची सगळी जाण ज्याच्या हाती दिली, त्याला नाव मात्र दिले नाही. माझी चूक किपलिंगनेही केली होती म्हणून मला थोडे बरे वाटले. थोडेच.

मग ऑस्ट्रेलियाकडे वळलो, त्याचे कारण व्यंकटेश माडगूळकर. माणदेशच्या धनगरांवर ‘बनगरवाडी’ लिहिणारे माडगूळकर ऑस्ट्रेलियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे’ हे प्रवासवर्णन लिहिले. मनात आले, त्या कुरणांवर तिथल्या लोकांनी स्वतः काय लिहिले असेल? ती जुनी पुस्तके आता कोणालाही फुकट वाचायला मिळतात. मार्कस क्लार्कची, इंग्लंडहून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांची कादंबरी मी अर्ध्यावर सोडली. ज्याने सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ वाचली आहे, त्याला कल्पनेतली जन्मठेप फिकी वाटणारच. बोल्डरवुडची ‘रॉबरी अंडर आर्म्स’ मात्र एका दमात वाचली. गुरे पळवणारे, घोडदौडी, वाटमारी. पोरांनाही आवडेल अशी. तिच्यात दरोडेखोरांच्या म्होरक्याचा एक मिश्र रक्ताचा साथीदार आहे. त्याला रानातल्या चोरवाटा माहीत असतात आणि शेवटी फितुरीही तोच करतो. त्याला नाव आहे : वॉरिगल. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याचा अर्थ रानकुत्रा! म्हणजे नुसते नाव असून भागत नाही, ते कोणी ठेवले हेही पाहावे लागते.

या सर्वांत मला हलवून सोडले ते हेन्री लॉसनच्या एका लहानशा कथेने. ‘द ड्रोव्हर्स वाइफ’, 1892 सालची. ड्रोव्हर म्हणजे गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणारा. आमचे गोवारी सकाळी गुरे नेतात आणि संध्याकाळी घरी आणतात. हा महिनोन्महिने परतत नाही. निर्मनुष्य रानातल्या झोपडीत त्याची बायको, चार मुले आणि एक कुत्रा. घरातल्या फळ्यांखाली साप शिरतो. मुलांना जेवणाच्या मेजावर निजवून ती काठी उशाशी ठेवून रात्रभर जागते आणि जागता जागता वणवा, पूर, एकटेपणी मेलेले मूल, सगळे आठवत राहते. पहाटे साप मारला जातो. मोठा मुलगा आईला म्हणतो, मी कधी गुरे हाकायला जाणार नाही. संपली कथा. माझ्या आईनेही पावसाळ्यातल्या कितीतरी रात्री अशाच कंदिलाशी काढल्या आहेत. मला ती बाई परकी वाटलीच नाही.

आणि या बाईला नाव नाही! माझी परीक्षा इथे सपशेल नापास झाली. तिला नाव नसणे हीच तर कथा आहे. आपल्याकडेही बाई अमक्याची कारभारीण आणि तमक्याची आई म्हणूनच जन्म काढते. लॉसन तिचे नाव विसरलेला नाही, त्याने ते जाणून राखून ठेवले आहे. म्हणून आता मी परीक्षा थोडी बदलली आहे : नाव असो वा नसो, त्या माणसासाठी लेखक क्षणभर थांबला काय?

लॉसन बाईसाठी थांबला. पण त्याच कथेत दोन माणसे आहेत, ज्यांच्यासाठी तो थांबला नाही. बाळंतपणात त्या एकाकी बाईला वाचवणारी सुईण आहे ‘ब्लॅक मेरी’. हे नाव तिच्या आईबापांनी ठेवलेले नसणार, हे उघड आहे. दुसरा, एक मूळ रहिवासी. आपल्या टोळीतला तो शेवटचा, शिवाय राजा, असे लॉसन एका वाक्यात सांगून पुढे जातो. तो बाईला लाकडांचा ढीग रचून देतो. बाई खूश होऊन जास्तीची तंबाखू देते आणि त्याच्या कामसूपणाची तारीफ करते. रात्री तो ढीग ढासळतो. आतून पोकळ निघतो. बाईला रडू फुटते, वाचकालाही वाईट वाटते. पण ज्याची सगळी टोळी संपली त्या राजाने, आपल्याच भूमीवर आलेल्या परक्यांना तंबाखूच्या तुकड्यावर लाकडे नीट का रचून द्यावीत, हा प्रश्न कथेत कोणी विचारत नाही. एवढ्या कोवळ्या मनाच्या लेखकाच्या हातून हे सुटले.

मग आपण मराठीत काय केले? ‘बनगरवाडी’तला मास्तर बाहेरचाच, पण तो वाडीत जाऊन ऐकू लागतो, आणि मग कारभारी, अंजी, आनंदा रामोशी ही माणसे अशी उभी राहतात, की शेवटी दुष्काळात वाडी उठते तेव्हा आपल्याच दारातली माणसे गेल्यासारखे वाटते. मीही मास्तर असल्यामुळे हे पुस्तक दर दोन वर्षांनी वाचतो. याच माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आमच्या उंबऱ्यावरचे. त्यात रान जसे दिसते, तसे आम्हां साकोलीकरांनाही कधी दिसले नाही. बंदूक टाकून वही आणि दुर्बीण घेतलेल्या माणसाची ती शांत, लोभस नजर आहे. तरी साकोलीचा म्हणून माझी एक तक्रार उरतेच. ते प्राण्यांकडे आले होते, आणि प्राण्यांकडेच राहिले. पिटेझरी-मंगेझरीकडची मोहफुले वेचणारी, तेंदूपाने खुडणारी माणसे त्यांच्या चित्राच्या कडेला राहतात. माणदेशात ज्या लेखकाला माणसांपलीकडे काही दिसत नव्हते, त्याला इथे माणसांचा विसावा हवा होता. समजू शकतो; पण ज्यांच्या दाराशी विसावा घ्यायचा, तीही माणसेच.

मारुती चितमपल्ली सोलापूरचे, 1932 सालचा जन्म. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या लेखनात पाल्हाळ आहे, ऐकीव गोष्टी खऱ्या मानण्याची भाबडी सवय आहे. मी त्यांच्यावर आंधळेपणाने खूश नाही. पण माझ्या परीक्षेत ते पहिले. पाखरांची विद्या आपल्याला नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांनी दिली, हे ते पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत सांगतात. पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाला ‘रातनिवारा’ म्हणावे हे त्यांच्या पुस्तकांनी मराठी वाचकाला शिकवले. फॉर्सिथला वाट दाखवणारा नोकर होता. चितमपल्लींचा तो गुरू होता.

राहता राहिला माझा म्हातारा. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. त्या विद्यार्थिनीला म्हटले, तूच सांग, काय नाव ठेवू? ती म्हणाली, मला नाही, आजोबांना विचारा. गेलो. आजोबांनी लहानपणी बापाबरोबर जंगल खात्यात रोजीने कामे केलेली. आता नजर अधू आहे. मी विचारले, रानात वाट दाखवणारा तुमच्या वेळचा एखादा जुना माणूस आठवतो काय? त्यांनी लगेच एकाचे नाव सांगितले. मग म्हणाले, हे गावातले; घरी गोंडीत त्याला दुसरेच म्हणत. आणि जंगल खात्याच्या हजेरीबुकात बाबूने तिसरेच लिहिले होते, त्याच नावाने त्याला मजुरी मिळे. तिन्ही नावे मी वहीत उतरवून आणली आहेत. छापखान्याचे दोन फोन येऊन गेले. दिवाळीची सुट्टी लागली की पुन्हा एकदा आजोबांकडे जाऊन यायचे ठरवले आहे. नावांबद्दल विचारले, पण तो माणूस कसा बोलत असे, हे मी विचारलेच नव्हते.