स्वरांचे वर्ण आणि आपले कान

नंदनवनमधल्या आमच्या वस्तीत 14 एप्रिलच्या रात्री भीमगीतांचा कार्यक्रम असतो. पेटी, ढोलक, टाळ्या आणि चौघांचा कोरस. एका वर्षी माझ्याच महाविद्यालयातले एक सहकारी अगत्याने आले होते. ते शास्त्रीय संगीताचे जाणकार. निघताना म्हणाले, "आवेश जबरदस्त आहे हो सर, पण फार बेसूर. कानाला टोचतं." ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. 1972 साली 'गोलपिठा' आला तेव्हापासून आमच्या कवितेविषयीही हेच ऐकत आलो आहोत: आशय दाहक, पण कर्णकटू. तेव्हा प्रश्न असा की, कानाला टोचणे ही वस्तुस्थिती आहे की संस्कार?

शास्त्रापासूनच सुरुवात करू. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असेल तर ते परस्परांचे संवादी, आणि दोन श्रुतींचे असेल तर विवादी. नऊ श्रुती म्हणजे सा आणि म, तेरा म्हणजे सा आणि प. कंपनसंख्येच्या भाषेत 4:3 आणि 3:2 ही साधी प्रमाणे. इथपर्यंत हे कानाचे प्रामाणिक निरीक्षण आहे. पण तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात वादी राजा झाला, संवादी अमात्य, अनुवादी सेवक आणि विवादी शत्रू. एवढ्यावर भागले नाही. सा, म, प हे ब्राह्मण. रे, ध क्षत्रिय. ग, नी वैश्य. आणि अंतर गांधार व काकली निषाद शूद्र! ज्याच्या चार श्रुती तो ब्राह्मण, तिनाचा क्षत्रिय, दोनाचा वैश्य, आणि आपल्या जागेवरून सरकलेला तो शूद्र. ही कल्पना शार्ङ्गदेवाच्या एकट्याची नव्हे. नारदीय शिक्षेतही स्वरांना वर्ण आहेत. ज्या समाजाने माणसाला जन्माने बांधले, त्याने हवेतल्या कंपनालाही सोडले नाही.

यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. रूढ अर्थानुसार हा 'शूद्र' अंतर गांधार म्हणजे आजचा आपला शुद्ध गांधार, प्रमाण 5:4. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की हाच गांधार कोणी न छेडता तिच्यातून उमटतो. गवई त्याला मोठ्या भक्तिभावाने 'स्वयंभू गांधार' म्हणतात. शास्त्राने ज्याला तळाशी बसवले, त्यालाच तार स्वतःहून वर आणते.

मग कानाला टोचते म्हणजे काय होते? 1863 साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने दाखवले की, जवळजवळचे दोन स्वर एकत्र वाजले की विस्पंद निर्माण होतात. 256 आणि 260 कंपनांचे स्वर सेकंदाला चार वेळा डोलतात. हा वेग वाढला की खरखर जाणवते. 1965 मध्ये प्लॉम्प आणि लेव्हेल्ट यांनी प्रयोगांनी हे अधिक नेमके केले. म्हणजे खरखर खरी आहे, ती कोणा सवर्णाचे कारस्थान नव्हे. पण 2016 साली बोलिव्हियाच्या जंगलातील त्सिमाने लोकांवर झालेले संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांच्या गाण्यात अनेक स्वर एकत्र मिळवण्याची परंपरा नाही. खरखर त्यांनाही नकोशी वाटली. मात्र पाश्चात्त्य कानांना गोड वाटणारे स्वरमेळ आणि कर्कश वाटणारे स्वरमेळ त्यांनी सारखेच पसंत केले. 2020 च्या पुढच्या अभ्यासात दिसले की, संवादी स्वरांची जोडी एकच स्वर असल्याचा भास मात्र त्यांनाही होतो. म्हणजे तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत: खरखर, स्वरांचे एकजीव होणे आणि आवड. पहिल्या दोन बऱ्याच अंशी माणसाच्या कानाच्या आहेत. तिसरी घडवलेली आहे. प्रस्थापित अभिरुचीची लबाडी अशी की, ती तिसरीला पहिलीच्या नावाने खपवते.

पेटीचेच उदाहरण घ्या. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर पेटीचा पंचम दोनच सेंटनी उतरलेला असतो, पण शुद्ध गांधार सुमारे चौदा सेंटनी चढा. शिवाय पेटीवर मींड नाही, आणि वाद्य परदेशी. अशा आक्षेपांपायी आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली. ती 1971 पर्यंत टिकली. नागपूर केंद्र 1948 साली सुरू झाले ते ही बंदी घेऊनच. बंदी आमच्याविरुद्ध नव्हती आणि गांधाराविषयीचा आक्षेप खोटा नव्हता, हे कबूल केले पाहिजे. पण ज्याला कोणी उस्ताद शागीर्द करून घेत नव्हता, त्याला सूर दाखवणारी वस्तू ही पेटीच होती. तिची पट्टी दाबणाऱ्याला ती जात विचारत नाही. चौदा सेंटचा हिशेब मांडणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला नाही.

पुढच्या वर्षी मी कार्यक्रम मुद्दाम कान देऊन ऐकला. भोंगा फाटत होता. ती खरी खरखर, आणि ती दूर करणे आपले काम. कोरसमधला एक जण सतत उतरत होता. तोही आपलाच दोष, त्याला रियाझ हवा. पण मुख्य गायक वरच्या पट्टीत गळा ताणून, घासून जी हाक देत होता, ती शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचण्यासाठी होती. मैफलीच्या कानाला ती टोचते, वस्तीच्या कानाला ती बोलावते. तीन आरोपांपैकी दोन मला मान्य आहेत. तिसरा मान्य नाही. कवितेवर 'कर्णकटू' असा शेरा मारणाऱ्यानेही यांतला कोणता आरोप तो करतो आहे, हे आधी सांगावे. आणि आपणही प्रत्येक आक्षेपाला जातीयवाद म्हणून आपला फाटका भोंगा झाकू नये.

पुढे भातखंडे यांच्या पद्धतीत विवादी स्वराला थोडी जागा मिळाली. कुशल गायकाने तो किंचित लावला तर रागाची शोभा वाढते, असे मानले गेले. मराठी समीक्षेनेही दलित कवितेला बराच काळ अशीच जागा दिली: चवीपुरती, दुसऱ्याच्या रागाची शोभा वाढवण्यापुरती. ती जागा आम्हाला नको. आमचा राग कोणता आणि त्याचा वादी स्वर कोणता, हे आम्हीच ठरवणार आहोत.