पासष्टाचे दोनशे पस्तीस

मी बी.कॉम. आहे. सिनेमावर लिहायला बसलेल्या माणसाने हे आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे वाचकाला प्रतिमा, प्रकाशयोजना, नववास्तववाद असल्या शब्दांची वाट पाहत ताटकळावे लागत नाही. ज्यांना ते हवे असतील त्यांच्यासाठी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली पुष्कळ विद्वान मंडळी आहेत. मी गेली वीस वर्षे एका बँकेत क्लार्क आहे. पडद्यावर प्रेम, खून, भूकंप, काहीही चाललेले असो, मला एकच प्रश्न छळत असतो : यांचं भागतं कसं?

जुन्या कृष्णधवल सिनेमांवर माझा जीव आहे तो एवढ्याचसाठी. ते या प्रश्नाचे उत्तर देतात. आणि मोघम देत नाहीत, आकड्यात देतात.

लहानपणी आमच्याकडे टीव्हीच कृष्णधवल होता. त्यामुळे रंगीत सिनेमासुद्धा आमच्या घरात शिरताना चपलांबरोबर रंग बाहेर काढून येई. पण त्याही वयात अस्सल कृष्णधवल कुठला आणि आमच्या टीव्हीने केलेला कुठला, हे मी पाच मिनिटांत ओळखत असे. ज्यात कुणाला तरी घरभाडे द्यायचे आहे तो अस्सल. ज्यात हिरो घरभाडे न देता काश्मीरला गेला आहे तो रंगीत.

रंगीत सिनेमात पैसा नसतो असे नाही. भरपूर असतो, पण तो बॅगेत असतो. गोदीवर मध्यरात्री दोन टोळ्या भेटतात. एक जण बॅग उघडतो. दुसरा आत नुसता डोकावतो, मान हलवतो आणि बॅग बंद करतो. झाला व्यवहार! आमचे हेडकॅशियर एकदा माझ्याबरोबर असला सिनेमा बघायला आले होते. ते खुर्चीतल्या खुर्चीत तळमळत होते. "अहो, मोज म्हणावं त्याला! मधली बंडलं नुसत्या कागदाची असली म्हणजे?" पुढचे दोन तास त्यांचे सिनेमात लक्ष लागले नाही. जो खलनायक नोटा मोजून घेत नाही त्याची भीती तरी कशी वाटायची?

कृष्णधवल सिनेमात सगळेच हिशेब बरोबर असतात असा माझा दावा नाही. एका शिवणयंत्रावर विधवा आई मुलाला बी.ए.पर्यंत शिकवते, तेही फर्स्टक्लासमध्ये, ही योजना कर्जासाठी माझ्या टेबलावर आली असती तर मी चार शंका काढल्या असत्या. दिवसाला किती परकर शिवून होतात? सुई-दोऱ्याचा खर्च धरला आहे का? मध्येच खोकला सुरू होतो त्याची तरतूद काय? पण निदान यंत्र दिसते हो! उत्पन्नाचे साधन पडद्यावर आहे. रंगीत सिनेमातली आई देवघरात आरती करत असते आणि मुलगा परदेशातून शिकून परत येतो.

राजा परांजपे यांचा 'लाखाची गोष्ट' घ्या. १९५२ सालचा. गदिमांची कथा, सुधीर फडक्यांचे संगीत. तरुणापुढे अट काय? तर महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करून दाखव, मग मुलगी मिळेल. महिनाअखेरीला ज्यांच्या घरात सुट्टे शोधायला उशा झटकतात असल्या लोकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला, यात मला नवल वाटत नाही. मी तीस दिवसांचा हिशेब करून पाहिला : रोजचे तीन हजार तीनशे तेहतीस रुपये, पाच आणे, चार पै. चोख भागाकार, एक पै उरत नाही. आणि ही गोष्ट राजा गोसावींसारख्या नटाकडून! त्या माणसाचा चेहराच असा की त्याच्या खिशात नोट शोभत नाही, पावती शोभते. श्रीमंती अंगावर आल्यावर माणसाची जी धांदल उडते ती त्या चेहऱ्यावर बघावी.

तीन वर्षांनी, १९५५ साली, 'पथेर पांचाली' आला. त्याबद्दल जगभरच्या मंडळींनी लिहून ठेवले आहे. पण मला त्या सिनेमातली सर्वांत थोर वाटलेली गोष्ट पडद्यावर नाही, सरकारी दप्तरात आहे. सत्यजित राय जाहिरात कंपनीत नोकरी करत होते. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, बायकोचे दागिने गहाण पडले, तरी पैसे संपले आणि काम अडले. (पैशाचे सोडा. एका रविवारी कासफुलांच्या शेतात चित्रण केले, पुढच्या खेपेला जाऊन बघतात तो गुरांनी फुले खाऊन टाकलेली! पुढच्या वर्षी फुले येईपर्यंत थांबावे लागले.) शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. आता प्रश्न आला, हे नावे कुठल्या खाती टाकायचे? सिनेमा काढण्यासाठी खातेच नाही! मग नावात 'पथ' आहे ना, टाका रस्तेसुधारणा खाती. खरोखर ते पैसे रस्तेसुधारणेखाली दाखवले गेले. ज्या कारकुनाला हे सुचले असेल त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. सिनेमाच्या श्रेयनामावलीत ते असायला हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्यावर घातलेले सरकारी पैसे इतकी वर्षे टिकल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

पण मला लिहायचे आहे ते 'दो बिघा जमीन'बद्दल. विमल रॉय, १९५३. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईला चित्रपट महोत्सवात 'बायसिकल थीव्हज' दाखवला गेला होता आणि तो पाहून विमलबाबूंनी हा काढला, असे सांगतात. असेल. सायकल गहाणातून सोडवायला घरातल्या चादरी गहाण टाकणारे ते इटालियन जोडपे मलाही आपल्याच शाखेत येणारे वाटते.

'दो बिघा'मध्ये शंभू नावाचा शेतकरी आहे. काम बलराज साहनींचे. एम.ए. झालेला, बीबीसीवर निवेदक राहिलेला माणूस. या भूमिकेसाठी कलकत्त्याला जाऊन खरोखर रिक्षा ओढायला शिकला. शंभूच्या दोन बिघे जमिनीवर जमीनदाराला गिरणी उभारायची आहे. शंभू विकत नाही. मग कर्ज फेड म्हणतो. शंभूच्या हिशेबाने कर्ज पासष्ट रुपये. तो घरातली भांडीकुंडी, बायकोची कानातली विकून पैसे जमवतो आणि घेऊन जातो. तिथे वही उघडते आणि वहीत आकडा निघतो दोनशे पस्तीस.

इथे आमची ही डोळ्याला पदर लावते आणि मी कॅल्क्युलेटर काढतो. दरसाल दरशेकडा बारा धरा. सरळ व्याजाने पासष्टाचे दोनशे पस्तीस व्हायला जवळजवळ बावीस वर्षे लागतात. चक्रवाढ लावले तरी अकरा वर्षे उलटून जातात.

"अहो, खोटी वही आहे ती," ही म्हणते. "खोट्या वहीला कसलं आलंय व्याज?"

"तेच सिद्ध करतोय."

"मग कोर्टात जा की त्याच्या बाजूनं!"

कोर्टात तो जातोच. निकाल लागतो : तीन महिन्यांत दोनशे पस्तीस भर, नाहीतर जमिनीचा लिलाव. कारण शंभूचा पासष्टाचा आकडा त्याच्या डोक्यात आहे आणि जमीनदाराचा आकडा कागदावर आहे. विमलबाबूंनी या प्रसंगात कुणाला ओरडायला लावलेले नाही. मुनीम वाईट माणसासारखा हसतसुद्धा नाही. तो नुसते वाचून दाखवतो.

माझे लक्ष दर वेळी त्या मुनिमावर जाते. सबंध थिएटर शंभूकडे बघत असते, मी मुनिमाकडे. सजातीय म्हणा हवे तर.

मागे एकदा आमच्या शाखेत एक आजोबा आले होते. पीककर्जाचे खाते. त्यांनी धोतराच्या सोग्यातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर आकडे नव्हते, नातवाने मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. एक रेघ म्हणजे एक हजार.

"सायेब, माझ्या हिशेबानं तर एवढं होत न्हाई."

मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. हा आमचा शिष्टाचार आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आम्ही पडदा वळवून दाखवतो. "आजोबा, मधल्या हप्त्याला उशीर झाला ना, त्याचं व्याज चढलंय."

आजोबा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग रेघांच्या कागदाकडे. मग म्हणाले, "मंग बरोबर आसंल," आणि कागद पुन्हा घडी घालून सोग्यात ठेवला.

आमचा आकडा खरा होता. मी घरी येऊन पुन्हा करून पाहिला, पैशापर्यंत बरोबर. जमीनदाराचा खोटा होता. एवढा मोठा फरक! पण त्या आजोबांच्या चेहऱ्यावरून तो ओळखू येत नव्हता. बलराज साहनींचा चेहरा वहीसमोर जसा होतो तसाच तो झाला होता, आणि या आजोबांना कुणी कलकत्त्याला पाठवून शिकवले नव्हते.

टीकाकाराचा धर्म म्हणून सांगतो, सिनेमाच्या उत्तरार्धात विमलबाबूंचा हात जरा सैल सुटला आहे. शंभूच्या रिक्षाचे चाक निखळते, बायको त्याला शोधत शहरात येते, ती गाडीखाली सापडते आणि जखमी बाईला न्यायला रिक्षा बोलावतात ती नेमकी शंभूची. कलकत्त्यासारख्या शहरात एवढे योगायोग एका आठवड्यात जमवायचे म्हणजे जादा कर्मचारीच हवेत. पण त्यातच तो पोराचा प्रसंग आहे. आईला अपघात झाला तो आपण चोरी केल्यामुळे, असे वाटून पोरगा चोरलेले पैसे फाडून टाकतो. फाटक्या नोटा बदलून देण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम मला पाठ आहेत. एवढा तुकडा शिल्लक असेल तर पूर्ण किंमत, एवढा असेल तर निम्मी. तो प्रसंग लागला की मला एकही नियम आठवत नाही.

शेवटी ते तिघे गावी परततात. जमिनीवर गिरणी उभी राहते आहे. शंभू कुंपणाशी वाकून मूठभर माती उचलतो. पहारेकरी ओरडतो, काय चोरलंस, दाखव! शंभू मूठ उघडतो.

हे पुढे १९५४ साली कान महोत्सवात गौरवले गेले. तिथल्या परीक्षकांना बिघा म्हणजे किती हे कुणी समजावून सांगितले असेल की नाही कोण जाणे. ती मूठ बघितल्यावर गरज पडली नसावी.

हल्ली जुने सिनेमे रंगवून काढतात. २००४ साली 'मुघल-ए-आझम' पूर्ण रंगवला, २००७ साली 'नया दौर'. अकबर बादशहाला रंगवा, माझी हरकत नाही, त्याला परवडते. शंभूच्या बायकोच्या लुगड्याला मात्र कुणी कुंचला लावू नये. ते गुलाबी निघाले तर मी तक्रार अर्ज करणार आहे, तीन प्रतींत.

'दो बिघा' पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी औषध म्हणून मी 'चलती का नाम गाडी' लावतो. १९५८. भर पावसात रात्री मधुबालाची मोटार बंद पडते, किशोरकुमार ती दुरुस्त करून देतो आणि बाई पैसे न देताच निघून जाते. येणे पाच रुपये बारा आणे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून सुरू झालेले, तरी हा पठ्ठ्या आण्यांतच हिशेब करतो. पण रक्कम कशी निवडली आहे बघा! बारा आण्यांचे बरोबर पंचाहत्तर नवे पैसे होतात, कमीजास्त काही नाही. अकरा आणे ठेवले असते तर पैशाच्या अपूर्णांकावरून काउंटरवर भांडणे झाली असती. तर हा एवढ्या वसुलीसाठी तिच्या मागे लागतो, त्यातून गाणे होते, गुंड येतात, मोटारींची शर्यत होते आणि शेवटी तीच त्याची होते.

आमच्या हेडकॅशियरांना मी हा सिनेमा दाखवला. ते शेवटपर्यंत गंभीरपणे बघत बसले.

"मुद्दल पाच रुपये बारा आणे," ते म्हणाले, "आणि व्याजात मधुबाला. कुठली शाखा हो ही?"