मुखवटा आणि काव्यगत ‘मी’ : ‘ऑपरेशन : डूम्सडे’चा अन्वयार्थ

काव्यातील ‘मी’ आणि कवी यांच्यातील अंतर हा तौलनिक साहित्याभ्यासातील जुना प्रश्न आहे. हिप-हॉप या उच्चारप्रधान काव्यप्रकारात तो अधिक बिकट होतो. कारण रॅपर जे बोलतो ते त्याने स्वतः जगलेले असावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. एमएफ डूम (डॅनिएल डूमिले, १९७१–२०२०) याचा ‘ऑपरेशन : डूम्सडे’ (१९९९) हा पहिला एकल अल्बम या अपेक्षेलाच छेद देतो.

न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंडमध्ये वाढलेला डूमिले आरंभी केएमडी या गटात होता. १९९३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ व गटातील सहकारी सब्रॉक मोटारीच्या धडकेने मरण पावला. पुढच्याच वर्षी इलेक्ट्रा कंपनीने गटाचा तयार अल्बम प्रकाशित करण्यास नकार दिला. वादाचे कारण होते मुखपृष्ठ : कृष्णवर्णीयांची विटंबना करणाऱ्या ‘सॅम्बो’ या रूढ व्यंग्यप्रतिमेला त्यावर फाशी दिलेली दाखवली होती. प्रतिमा आणि प्रतिमेचा निषेध यांतील भेद व्यवसायाला पेलवला नाही. काही वर्षांच्या मौनानंतर डूमिले न्यूयॉर्कच्या न्युयोरिकन पोएट्स कॅफेत चेहऱ्यावर मोजा ओढून काव्य म्हणू लागला. बॉबिटो गार्सियाच्या ‘फाँडल एम’ या छोट्या स्वतंत्र कंपनीने हा अल्बम काढला.

येथील निवेदक ‘डॉक्टर डूम’ या खलपुरुषावर बेतलेला आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये निर्मिलेले हे पात्र विद्रूप चेहरा धातूच्या मुखवट्याआड झाकते. व्यंगचित्रमालिकेतील संवाद गीतांच्या मधे पेरलेले आहेत आणि निवेदक अनेकदा स्वतःविषयी तृतीयपुरुषात बोलतो. शीर्षकगीताचा पाया शाडेच्या ‘किस ऑफ लाइफ’ या प्रेमगीताचा. त्यावर उभे राहते ते मात्र मृत्यूचे भान. भावाच्या आठवणीकडे थेट वळणाऱ्या गीताला तर शब्दांचे शीर्षकच नाही, केवळ प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे मुखवटा येथे आत्मपरता नाकारत नाही. उघड्या चेहऱ्याने न बोलवणारे दुःख तो उच्चारक्षम करतो.

आफ्रिकन-अमेरिकन काव्यपरंपरेत पॉल लॉरेन्स डनबारची ‘वी वेअर द मास्क’ (१८९५) ही कविता या संदर्भात आठवते. डनबारचा मुखवटा हसरा आहे. गोऱ्या समाजाच्या नजरेपासून वेदना लपवण्यासाठी तो धारण करावा लागतो. डूमचा मुखवटा हसत नाही, कोणाची मर्जी राखत नाही. ‘सॅम्बो’चे लाचार हास्य ज्या बाजारपेठेत विकले गेले, तिला तो चेहराच नाकारतो. हा नकार छोट्या कंपनीच्या आश्रयाने शक्य झाला, हे निव्वळ व्यावसायिक तपशील म्हणून सोडून देता येणार नाही.

अल्बम सर्वत्र सारख्या उंचीचा नाही. संवादखंड काही ठिकाणी लांबतात आणि पाहुण्या रॅपरांपैकी काहींची शब्दकळा डूमच्या अंतर्यमकांपुढे फिकी पडते. या भूमिकेची एक किंमतही आहे. २००७ च्या सुमारास काही कार्यक्रमांत डूमने मुखवटा घातलेली दुसरीच माणसे रंगमंचावर पाठवली, तेव्हा पैसे मोजून आलेले श्रोते संतापले. मुखवटा म्हणजे काव्य, व्यक्ती नव्हे, हे तत्त्व ध्वनिमुद्रणात टिकते. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र श्रोता देहाची उपस्थिती मागतो. मौखिक काव्याचा अभ्यास करताना ही मागणी अडाणी ठरवून चालणार नाही. काव्यगत ‘मी’ची लिखित कवितेवर घडलेली आपली संकल्पना या टप्प्यावर अपुरी पडते.