गॅरिकला कोण ओढतंय?

वारज्याहून डेक्कनला जाताना बसमध्ये मोबाइलवर एकच चित्र झूम करून बघत होते. जोशुआ रेनॉल्ड्सचं, १७६०-६१ मधलं. मधोमध लंडनचा गाजलेला नट डेव्हिड गॅरिक, एका बाजूला शोकात्मिका, दुसऱ्या बाजूला सुखात्मिका. कल्पनेला माणसाचं रूप दिलं, की ते रूपकचित्र. इथे दोन नाट्यप्रकार बायका झालेत.

साचा जुनाच आहे. सद्गुण आणि सुख यांच्यामध्ये उभा हर्क्युलिस, आणि तो सद्गुण निवडतो. गॅरिक मात्र हात वर करून बजावणाऱ्या शोकात्मिकेकडे बघून ओशाळं हसतो आणि सुखात्मिकेबरोबर ओढला जातो. म्हणजे रेनॉल्ड्सने गंभीर साचा घेतला आणि त्याचा विनोद केला. गंमत अशी, की शोकात्मिका ग्वीदो रेनीच्या शैलीत रंगवलीय, सुखात्मिका कोरेज्जोच्या. नटासारखी चित्रकारानेही दोन सोंगं घेतलीत! मला चित्राचा हा भाग सगळ्यात आवडतो.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्करांनी काढलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीभूमिकेतलं. इथेही एक नट आणि दोन रूपं. देऊस्कर लंडनला शिकलेले. झालं, मी प्रकरणात ठोकून दिलं: ‘देऊस्करांवर रेनॉल्ड्सचा प्रभाव दिसतो.’ मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला: ‘कशावरून?’

उत्तर नव्हतं. पत्र नाही, टिपण नाही, फक्त साम्य. आणि नीट बघितलं तर साम्यही टिकत नाही. गॅरिकच्या बाजूच्या बायका म्हणजे कल्पना. त्या रंगमंचावर कधी आल्याच नाहीत. बालगंधर्वांची स्त्री मात्र प्रेक्षकांनी तिकीट काढून पाहिलेली. शिवाय रेनॉल्ड्सकडे ओढाताण बघायला मधे गॅरिक स्वतः उभा आहे. देऊस्करांच्या जोडीत मधे कोणीच नाही. नारायण श्रीपाद राजहंस कुठे संपतात हे बघणाऱ्यानेच ठरवायचं. मला विचाराल तर अभिनयाबद्दल ही जोडी जास्त सांगते, कारण गॅरिकच्या चित्रात गॅरिक कुठलीच भूमिका करत नाहीये.

‘प्रभाव’ खोडला, तिथे ‘तुलना’ लिहिलं. त्या एका शब्दापायी अकरा पानं पुन्हा लिहावी लागली, कारण आधीचा सगळा युक्तिवाद लंडनच्या बोटीवर बसलेला होता. नवा मसुदा सोमवारी द्यायचाय.