तट जपला, गावाचं काय?

गोदाकाठच्या नांदेडात बसून समुद्राकाठच्या कोटाबद्दल का बोलायचं, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडं कंधार आहेच की! पण मला मांडायचा प्रश्न रेवदंड्यात जास्त उघड दिसतो.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचं चौल. सोळाव्या शतकात त्यांनी तिथं कोट बांधला, 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. आज त्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, घरं आहेत, वाहता रस्ता आहे. मनोऱ्याला अजून सातखणी म्हणतात. खण मात्र सात उरलेले नाहीत.

आता आपला कायदा बघा. 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून 100 मीटर नवं बांधकाम बंद, त्यापुढचे 200 मीटर परवानगीनं. हेतू चांगलाच. रानातल्या एकट्या लेण्याला हे चपखल बसतं. पण गावच तटाच्या पोटात असेल तर? भावाभावांत वाटणी झाली, एकाला खोली वाढवायची आहे. त्याला तट वारसा वाटेल की अडचण? अडचण वाटली, की तटावर उगवलेला पिंपळ उपटायला कुणी हात लावत नाही.

दुसरी गोष्ट खाडीपलीकडं, कोर्लईत. पोर्तुगीज गेले, पण किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली अजून बोलली जाते. ती कोणत्या मीटरनं मोजणार? तट ढासळला तर बातमी होते. बोली गेली तर आवाजसुद्धा होत नाही.

‘मिलिंदप्रश्न’ आठवा. नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. गावाचंही तसंच आहे. नुसता दगड म्हणजे रेवदंडा नव्हे.

कुणी म्हणेल, परक्यांचा, जुलमाचा कोट कशाला जपायचा? जुलूम झाला, तो लपवू नये. पण 1739 मध्ये वसई जिंकल्यावर तिथली घंटा आपल्या लोकांनी फोडली नाही. नाशकात नारोशंकराच्या देवळात टांगली. जिंकलेलं आपलंसं करण्याची ती रीत होती.

माझी टीका कायद्यावर कमी, त्याच्या वापरावर जास्त आहे. प्रत्येक स्मारकासाठी वेगळे उपविधी करायची सोय त्याच दुरुस्तीत आहे. ते करताना ग्रामसभेत जाऊन बसा ना! उद्या कंधारलाही हाच प्रश्न येईल. खंदक स्वच्छ झाला आणि काठचा माणूस परका झाला, तर आपण नेमकं काय जपलं?