एका भट्टीतले सहा कप

दिवाळीच्या फराळाला पाहुणे बसले, की आपली नजर कपांच्या रांगेवरून फिरते: सगळे एकसारखे आहेत ना? साच्यातून निघालेल्या कपांना हा प्रश्न शोभतो. हाताने घडवलेल्या संचाला तो विचारणे म्हणजे सख्ख्या भावंडांना जुळी का नाही म्हणून रागे भरणे.

रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली पाँडिचेरीस काढलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीची भांडी पाहताना हे मला उमगले. संच करताना कुंभार मातीचे गोळे तोलून घेतो, उंची नि घेर मापायला खुणेची काडी उभी करतो. म्हणजे सारखेपणाची ओढ त्यालाही आहेच. ती नसते जाळाला. बाराशे अंशांवर तापलेल्या लाकडाच्या भट्टीत एका कपाची झिलई गडद होते, शेजारच्याची फिकी राहते.

म्हणून रंग मी शेवटी पाहतो. आधी ओठाला लागणारा काठ, मग बूड, मग कान. बोट सहज शिरावे आणि चटका बसू नये, एवढी जागा सहाही कपांत राहिली असेल, तर तो संच जमला. रंग तंतोतंत जुळवून कान वेडेवाकडे बसवलेले 'सेट' मला तरी संच वाटत नाहीत.

आमच्या सहांतला एक माझ्याच हातून फुटला. त्याच्या जागी साच्याचा पांढराशुभ्र कप आणला. रांगेत तोच परका दिसतो. पाहुणे आले, की तो मी घेतो.