‘अर्धसत्य’ : एका फौजदाराची शोकांतिका

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत मुलाकडे राहावयास आल्यापासून माझ्या बऱ्याच संध्याकाळी तेथील मराठी तरुणांच्या सहवासात जातात. संगणकाच्या व्यवसायातली ही मंडळी. मध्यंतरी त्यांच्यापैकी एकाच्या घरी गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ पुन्हा पाहिला. १९८३ साली हा चित्रपट आला तेव्हा त्या खोलीतील बहुतेकांचा जन्मही झालेला नव्हता. अखेरीस सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर रामा शेट्टीचा गळा आवळतो, तेव्हा दोघातिघांनी टाळ्या वाजविल्या. मुंबईच्या चित्रपटगृहात ऐकलेल्या टाळ्या मला आठवल्या, आणि तेव्हाची माझी अस्वस्थताही.

या चित्रपटाचे आकर्षण चार दशकांनंतरही का टिकून आहे? भ्रष्ट व्यवस्थेशी झुंजणारा सचोटीचा पोलीस हे उत्तर नेहमी दिले जाते. ते मला अपुरे वाटते. तसा पोलीस ‘जंजीर’ने १९७३ मध्येच उभा केला होता. तेथील इन्स्पेक्टर विजयच्या संतापाला आईवडिलांच्या हत्येचे कारण आहे. संताप बाहेरून येतो आणि सूड घेतला की शमतो. वेलणकरच्या हिंसेचे मूळ मात्र घरात आहे. पोलिसात नोकरी केलेल्या बापाने आईला मारताना त्याने लहानपणी पाहिले आहे, आणि त्याच बापाच्या हट्टापायी त्याच्या अंगावर खाकी वर्दी चढली आहे. अमरीश पुरींनी हा बाप असा साकारला आहे, की त्याचा तिटकारा येतो आणि तो ओळखीचाही वाटतो. ज्या हाताचा वेलणकरला तिरस्कार आहे, तोच हात कोठडीत त्याच्या खांद्याला फुटतो. शोकांतिकेचे बीज येथे आहे. रामा शेट्टी हे केवळ निमित्त.

ही कलाकृती मुळात साहित्यातून आली, हे मराठी वाचकाने विसरू नये. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, वसंत देवांचे संवाद आणि दिलीप चित्र्यांची कविता असा तिचा वंश आहे. तेंडुलकरांना हिंसेचे आकर्षण होते असे म्हटले जाते. मला वाटते, त्यांना हिंसेच्या लाजेचे आकर्षण होते. कविता येथे अलंकार म्हणून येत नाही. वेलणकर ती हसत हसत वाचू लागतो आणि वाचता वाचता त्याचे हसू मावळते. चक्रव्यूहाची प्रतिमा आपल्याविषयीच आहे, हे त्याला कळते. ओम पुरींच्या चेहऱ्यावरचे ते स्थित्यंतर एकदा पाहिले की त्यांना मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्काराचे नवल वाटत नाही. मराठी रंगभूमीवरून आलेले सदाशिव अमरापूरकर आवाज न चढविता बोलतात. रामा शेट्टीची सत्ता त्या संथपणात आहे.

उणेपण आहेच. प्राध्यापिका ज्योत्स्ना गोखले स्मिता पाटीलसारख्या अभिनेत्रीला दिली, पण तिला स्वतःचे आयुष्य दिले नाही. ती वेलणकरची सदसद्विवेकबुद्धी तेवढी होऊन राहते. निलंबित इन्स्पेक्टर लोबो मोजक्याच प्रसंगांत तिच्याहून अधिक जिवंत होतो. नसीरुद्दीन शाहांचा हा दारुडा म्हणजे वेलणकरला आधीच दाखविलेले त्याचे भविष्य.

आता त्या टाळ्यांविषयी. दारूच्या धुंदीत आणि अपमानाच्या आगीत वेलणकरने कोठडीत एका किरकोळ चोराला मारले आहे. तो मृत्यू निस्तरण्यासाठीच तो शेट्टीच्या दारी जातो. शेट्टीचा खून म्हणून न्याय ठरत नाही. नंतर वेलणकर स्वतःच ठाण्यावर जाऊन कबुली देतो, हेही सूचक आहे. जानेवारी १९८२ मध्ये वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला होता. पुढील काळात मुंबईत ‘चकमक’ हा शब्द कौतुकाने उच्चारला जाऊ लागला, आणि ‘अब तक छप्पन’सारखे चित्रपट निघाले. ‘अर्धसत्य’ त्या कौतुकाच्या उंबरठ्यावर उभा राहून ते नाकारतो. प्रेक्षक मात्र ते नाकारणे ऐकत नाही.

चित्रपट संपल्यावर मी त्या तरुणांना कोठडीत मेलेल्या माणसाविषयी विचारले. रामा शेट्टीचे वाक्यन्‌वाक्य त्यांना पाठ होते. त्या चोराचे नाव कोणालाच सांगता आले नाही. मलाही नाही.